आधी एकटं लिहायचं, मग एकत्र बसायचं: आमच्या इनोव्हेशन प्रोजेक्टचा अनुभव

शेवटच्या वर्षाला आम्हाला इनोव्हेशन प्रोजेक्ट होता. पाच जणांची टीम, ती पण आपण निवडायची नाही, गाइड ठरवणार, आणि विषय म्हणाल तर एवढाच की रोजच्या जगण्यातली एखादी खरी अडचण शोधा आणि त्यावर काहीतरी नवीन आणि खरंच चालणारं करून दाखवा. तेव्हापासून ज्युनियर्सपैकी बऱ्याच जणांनी विचारलंय की विषय कसा मिळाला, भांडणं झाली का, काम न करणाऱ्या मेंबरचं काय केलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. आम्ही बनवलं काय, तर ज्यांना दिसत नाही त्यांना गोळ्यांची स्ट्रिप हाताने ओळखता यावी म्हणून एक छोटी क्लिप. वस्तू एवढीशीच आहे, पण ती बनवताना कुठलं काम पाच जणांनी एकत्र बसून करायचं आणि कुठलं एकेकट्याने, हे जे कळलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही.

सुरुवातीच्या मीटिंगा अशा व्हायच्या की पाचही जण गोल करून बसलो, एक जण म्हणाला चला आयडिया सांगा, आणि मग दोघं बोलायचे आणि तिघं ऐकायचे. जो पहिला बोलला त्याने ॲप म्हटलं की पुढच्या सगळ्या आयडिया ॲपच्याच. तास दीड तास बोलून वहीत चार ओळी, त्यातल्या तीन सारख्या. अशाच एका मीटिंगनंतर आमच्यातली एक मैत्रीण, जी अख्ख्या मीटिंगमध्ये एक शब्द बोलली नव्हती, जिना उतरताना मला म्हणाली की तिच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांची नजर गेलीये आणि त्यांना गोळ्या ओळखायला फार त्रास होतो, यावर काही करता येईल का. मी म्हटलं अगं मग आत का नाही बोललीस? तर म्हणाली, बोलायला जागाच नव्हती, आणि तुम्ही सगळे इतकं मोठं मोठं बोलत होतात की मला हे फारच साधं वाटलं.

हे ऐकून मी खरंच अस्वस्थ झाले. कारण त्या दिवशी आत बोललेल्या सगळ्या आयडियांपेक्षा ही चांगली होती आणि ती जिन्यातच राहून गेली असती.

गाइडना सांगितलं तर ते म्हणाले की हे फक्त तुमच्याच टीमचं नाहीये, यावर बराच अभ्यास झालाय, जरा वाचा. मग वाचलं. ब्रेनस्टॉर्मिंग हा प्रकार लोकप्रिय केला अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने, त्याने १९५३ च्या पुस्तकात नियम मांडले की टीका करायची नाही, भरपूर आयडिया काढायच्या, विचित्र वाटल्या तरी चालतील, एकमेकांच्या आयडियांवर भर घालायची. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात काही संशोधकांनी तपासलं की चार जण एकत्र बसून जास्त आयडिया काढतात की दुसरे चार जण वेगवेगळे बसून, नंतर यादी एकत्र केली तर, आणि वेगवेगळे बसलेल्यांच्या आयडिया बऱ्याच जास्त निघाल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी याचं मोठं कारण दाखवलं, ते म्हणजे एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि थांबता थांबता डोक्यात आलेलं विसरतात किंवा आता हे सांगण्यासारखं नाही असं ठरवून टाकतात. आमच्या मैत्रिणीचं अगदी हेच झालं होतं.

यावरचा उपायही जुनाच आहे. ६-३-५ नावाची पद्धत, बेर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने १९६८ मध्ये मांडलेली, सहा जण, प्रत्येकाने तीन आयडिया, पाच मिनिटं, मग कागद शेजारच्याकडे सरकवायचा, आणि शेजारच्याने त्या वाचून पुढच्या तीन लिहायच्या. असं सहा वेळा केलं की अर्ध्या तासात १०८ आयडिया कागदावर येतात. आम्ही पाच जण होतो म्हणून पाच फेऱ्या केल्या. पहिली पाच मिनिटं खोलीत इतकी शांतता होती की अवघडल्यासारखं झालं, एक जण हसायला लागला, मग सगळे लिहायला लागले आणि शेवटच्या फेरीपर्यंत कुणाला मान वर करायला वेळ नव्हता. मैत्रिणीच्या गोळ्यांच्या आयडियावर बाकी चौघांनी काही ना काही भर घातलेली, एकाने लिहिलं रंग नको आकार वापरा, एकाने लिहिलं फोनला लावलं की बोलेल असं काही, आणि तिच्या नावावर नसल्यामुळे ती आयडिया सगळ्यांचीच झाली होती.

आम्ही एक गोष्ट तेव्हाच ठरवली, आयडियाला माणसाचं नाव लावायचं नाही, नंबर लावायचा. सात नंबर, बारा नंबर असं. नाहीतर कोणी त्याच्या आयडियाला नाही म्हटलं की ते त्यालाच नाही म्हटल्यासारखं होतं आणि तिथून पुढे माणूस आयडिया वाचवत बसतो, प्रॉब्लेम सोडवत नाही. हे नंबरचं मी सगळ्यांना सांगते, करून बघा, फार फरक पडतो.

मग काकांकडे गेलो. पाच जण नाही, दोघीच. पाच अनोळखी पोरं समोर बसली की कुणीही बावरेल आणि ऐकायला दोन माणसं पुरतात, एक बोलणारी आणि एक लिहिणारी. आधी परवानगी घेतली की तुम्ही सांगाल ते लिहून घेऊ, तुमचं नाव कुठे येणार नाही. गाइडनी एक बजावून सांगितलं होतं की असं उपकरण केलं तर आवडेल का हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण समोरचा चांगला माणूस असतो, तो हो म्हणतो, आणि त्या हो ला काही अर्थ नसतो. त्यापेक्षा विचारा की काल रात्रीची गोळी कशी घेतलीत, ते करून दाखवा.

काकांनी करून दाखवलं. त्यांच्या डब्यात स्ट्रिपा होत्या, सकाळच्या गोळीच्या स्ट्रिपला एक रबर बँड, रात्रीच्या गोळीच्या स्ट्रिपला दोन. तिसरी जी कधीतरी लागते तिला काहीच नाही. इतकी छान पद्धत त्यांनी स्वतःच काढली होती. मग अडचण कुठे आहे विचारलं तर म्हणाले, गोळ्या संपत येतात तशी स्ट्रिप मऊ पडते, दुमडते आणि रबर निसटतो, आणि एकदा का दोन रबर डब्यात सुटे सापडले की मग कुणाचा कुठला हे सांगायला घरातलं कुणीतरी येईपर्यंत थांबावं लागतं. दुसरी अडचण म्हणाले, गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही कधीकधी. ही दुसरी गोष्ट आमच्या कुठल्याच नंबरात नव्हती.

मी त्यांना विचारलं की ब्रेल वाचता का. तर म्हणाले, "अगं, माझी नजर गेली उतारवयात, शुगरमुळे. आणि त्याच शुगरने बोटंही बधिर झालीत, ते बारीक ठिपके मला काय लागणार?" हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब होतो हे ऐकलेलं असतं, पण त्यानेच नसांवर परिणाम होऊन बोटांची संवेदना कमी होऊ शकते, म्हणजे नजर गेल्यावर ज्याचा आधार घ्यायचा ती बोटंही तशी राहत नाहीत. लुई ब्रेलने १८२४ मध्ये वयाच्या १५ व्या वर्षी सहा ठिपक्यांची लिपी तयार केली ती खरंच थोर गोष्ट आहे, पण तिच्यात दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर आणि उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यासाठी तयार आणि जागं बोट लागतं. युरोपीय संघात २००४ पासूनच्या नियमाप्रमाणे औषधाच्या बाहेरच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये छापावं लागतं, चांगलाच नियम आहे, पण स्ट्रिप खोक्यातून बाहेर काढली की तिच्यावर ते नसतं, आणि ज्यांना ब्रेल येत नाही त्यांचा प्रश्न राहतोच. काकांसारख्या, उशिरा नजर गेलेल्या आणि बोटंही बधिर झालेल्या माणसासाठी काय, हा आमचा प्रश्न ठरला. त्या एका भेटीने विषय इतका नेमका झाला की परत येऊन जे वाक्य लिहिलं ते रिपोर्टमध्ये शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आता भांडण. ते झालं, आणि चांगलं मोठं झालं. टीममधल्या कोडिंगवाल्याचं म्हणणं होतं की कॅमेऱ्याने स्ट्रिपचा फोटो काढून नाव वाचून दाखवणारं ॲप करूया, क्लिपबिप कशाला. त्याचा मुद्दा वाईट नव्हता, क्लिप कुणीतरी बघणाऱ्यानेच लावून द्यायची असते आणि ॲपला कुणाची गरज नाही. दुसऱ्या बाजूने आमचं म्हणणं की काकांना स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायची कशी हे कळणार कसं. दोन मीटिंगा नुसत्या यावर गेल्या आणि आवाज चढायला लागले. मग ठरवलं की बोलून कुणी जिंकणार नाही, दोन्ही गोष्टी कच्च्या स्वरूपात बनवायच्या आणि बघायच्या, पण बघण्याआधी लिहून ठेवायचं की चांगलं म्हणजे काय: एका हाताने जमतं का, अंधारात चालतं का, घरातलं कुणी नसताना चालतं का, चूक झाली तर कळते का. हे निकष आधी लिहिणं फार गरजेचं आहे, कारण निकाल बघून मग निकष ठरवले की प्रत्येकजण आपल्या आवडत्या आयडियाला शोभेल असेच ठरवतो.

क्लिप आम्ही पुठ्ठ्याची केली, वर डिंकाच्या जाड रेषा. कॅमेऱ्यासाठी अक्षरं वाचणारं तयार ॲप फोनमध्ये टाकलं, नवीन काही लिहिलंच नाही. काकांच्या हातात दोन्ही दिलं. स्ट्रिपची मागची बाजू चकचकीत, त्यावर उजेड पडला की कॅमेऱ्याला अक्षरंच दिसत नाहीत, आणि गोळ्या काढल्यावर फॉइल फाटून नावाचे तुकडे होतात. शिवाय काका फोन एका हातात, स्ट्रिप दुसऱ्या हातात धरून अंतर जुळवत बसले ते बघवत नव्हतं. कोडिंगवाल्याने स्वतःच सांगितलं की नाही, हे नको. मला त्याचं फार कौतुक वाटतं. तो हरला असं कुणी म्हटलं नाही आणि त्याचे निरीक्षणाचे पान लॉगबुकमध्ये पूर्ण लावलं, का नाही चाललं याच्या कारणांसकट, पुढे परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले.

त्याची बोलणाऱ्या फोनची बाजू मात्र राहिली, वेगळ्या रूपात. एनएफसी टॅग, म्हणजे तो छोटा स्टिकर ज्याला बॅटरी लागत नाही, फोन जवळ नेला की फोनच्याच चुंबकीय क्षेत्रातून त्याला वीज मिळते आणि तो आपल्यातली माहिती देतो, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो, अंतर काही सेंटिमीटरच. आम्ही घेतलेल्या टॅगमध्ये माहितीसाठी १४४ बाइट जागा होती. पहिल्यांदा वाटलं औषधाचं नाव आणि वेळ टाकायला पुष्कळ झाली, पण देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला तीन तीन बाइट लागतात, म्हणजे पन्नासही चिन्हं बसत नाहीत, आणि मात्रा, अनुस्वार हे पण वेगळे मोजले जातात. त्यामुळे टॅगमध्ये फक्त एक नंबर ठेवायचा आणि तो नंबर वाचला की फोनमध्ये घरच्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजवायचं असं ठरलं. काकांना मशीनच्या आवाजापेक्षा हे जास्त आवडलं. यात तोटा असा की फोन बदलला तर रेकॉर्डिंग नवीन फोनमध्ये हलवावं लागतं, ते आम्ही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय.

इथे कामं वाटून घेतली होती, एक जण क्लिप डिझाइन करतोय, एक जण टॅग आणि फोनचं बघतोय, दोघांचंही आपापल्या जागी मस्त चाललेलं. टेबलावर टॅग ठेवला, फोन नेला, लगेच वाजतं. मग क्लिपला टॅग चिकटवून ती स्ट्रिपला लावली आणि काहीच नाही. पूर्ण गप्प. टॅग बदलला, फोन बदलला, तेच. कारण नंतर कळलं, स्ट्रिपला अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल असतं आणि धातू टॅगच्या अगदी मागे आला की फोनच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या फॉइलमध्ये भोवरे घेणारे प्रवाह तयार होतात, ते उलट दिशेचं क्षेत्र तयार करतात आणि टॅगपर्यंत पुरेशी वीज पोहोचतच नाही. धातूवर लावायचे वेगळे टॅग मिळतात, त्यात मध्ये फेराइट या चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो, पण ते महाग. डिझाइनवाल्याने सुचवलं की क्लिपला एक शेपटी काढू जी स्ट्रिपच्या बाहेर राहील आणि टॅग त्या शेपटीत बसवू. झालं काम. आणि गंमत म्हणजे ती शेपटी काकांना धरायलाही सोयीची पडली.

यातून आमचा नियम ठरला तो हा की काम वेगवेगळं करायचं पण जोडून बघायला शेवटपर्यंत थांबायचं नाही. दर आठवड्याला, अर्धवट असलं तरी, सगळे तुकडे एकत्र लावून बघायचे. माझा भाग झालाय हे वाक्य आम्ही टीममध्ये बंदच केलं, एकत्र लावल्यावर चाललं तरच झालं.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल थोडक्यात. सुरुवातीला पीएलए प्लास्टिकमध्ये काढलेल्या क्लिपांचे हात मुळाशी तुटायचे. अशा प्रिंटरमध्ये वस्तू थरावर थर चढवून तयार होते आणि दोन थरांमधला जोड सगळ्यात कमजोर असतो, क्लिप उभी प्रिंट केली की वाकणाऱ्या हाताचा जोर नेमका त्या जोडांवर येतो. तीच क्लिप आडवी, कुशीवर ठेवून प्रिंट केली की थर हाताच्या लांबीच्या दिशेने जातात आणि ती टिकते. शिवाय आतला कोपरा काटकोनात न ठेवता गोलसर केला आणि पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक वापरलं, ते जास्त लवचीक असतं.

आकारांवर मात्र बरेच दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते. गोल, त्रिकोण, चौकोन, षटकोन असे उठावाचे आकार केले, आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना ओळखायला लावले, सगळ्यांना सगळे ओळखता आले, आम्ही खूश. काकांनी हातात घेतले आणि म्हणाले, "पोरांनो, हे गोल आणि हे दुसरं, मला दोन्ही सारखंच लागतंय." पट्टी बांधून केलेल्या चाचणीवर माझा विश्वास तेव्हापासून उडालाय. पट्टी बांधली म्हणून आपण काका होत नाही. आपली बोटं धडधाकट असतात, त्यामुळे काही गोष्टी आपल्याला जमतात ज्या त्यांना जमत नाहीत, आणि उलट अंदाजाने, आवाजाने, वस्तूंच्या जागा पाठ ठेवून ते जे सहज करतात त्यात आपण अडखळतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तर चुकीचं येतं. ज्याच्यासाठी करतोय त्याच्याच हातात द्या, दुसरा मार्ग नाही.

मग काकांनीच सुचवलं की उठाव सोडा, कडेला खाचा करा, अंगठ्याच्या पेराने लागतील अशा मोठ्या. एक खाच सकाळची, दोन खाचा रात्रीची, करवतीसारखी दातेरी कड म्हणजे कधीतरी लागणारी. रबर बँडचीच पद्धत ती, एक आणि दोन. त्यांना नवीन काही पाठ करावं लागलं नाही. आणि गोळी घेतली की नाही यासाठी क्लिपच्या पाठीवर एक सरकणारा खटका दिला, गोळी घेतली की शेपटीकडे सरकवायचा, आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी घरच्यांनी किंवा काकांनी तो परत आणायचा. मध्ये आमच्यातल्या एकाला अलार्मही टाकायचा होता, मलाही मोह झाला होता, पण अलार्म फोनमध्ये असतोच आणि प्रत्येक वाढीव गोष्टीबरोबर बिघडायची एक जागा वाढते, म्हणून सोडला.

आता जे सगळे विचारतात ते, काम न करणारा मेंबर. आमच्यातही एक जण होता जो मीटिंगला यायचा, मान हलवायचा आणि काही करायचा नाही. ग्रुपवर त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. गाइडनी आम्हाला रिंगलमनचा प्रयोग सांगितला, मॅक्स रिंगलमन हा फ्रेंच शेतकी इंजिनियर, त्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं, आणि १९१३ मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांप्रमाणे आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर त्याच्या एकट्याच्या जोराच्या निम्म्यापेक्षाही थोडा कमी भरतो. याचं एक कारण ताळमेळ न जमणं आणि दुसरं असं की आपला वाटा वेगळा दिसत नाही तेव्हा माणूस नकळत हात सैल सोडतो. १९७९ मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच परत दाखवलं. मग आम्ही आमचा कामांचा तक्ता काढून बघितला तर त्या मुलाच्या नावासमोर लिहिलं होतं, रिपोर्टमध्ये मदत. मदत म्हणजे काय? कुणाला, कधी, किती? त्याला काम दिलंच गेलं नव्हतं आणि तो भिडस्त असल्यामुळे विचारत नव्हता. त्याच्याशी मी आणि मैत्रीण शांतपणे बोललो, आणि चाचण्यांची नोंद पूर्ण त्याच्याकडे दिली: कोणती क्लिप, कोणत्या स्ट्रिपवर, ओळखायला किती सेकंद, कुठे अडकलं, प्रत्येक वेळी, त्याच्याच अक्षरात. त्यानंतर तो बदललाच. काकांचा गोल आणि षटकोनाचा घोळ फक्त डाव्या हाताने होत नाही, दोन्ही हातांनी होतो, हे त्याच्या नोंदीतूनच कळलं, आम्ही सगळे हात बदलून बघा म्हणत होतो तेव्हा त्याने वही पुढे केली.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक टीममधला न काम करणारा असाच असतो. काही जण खरंच टाळतात. पण आधी त्याच्या नावासमोर काय लिहिलंय ते बघा, एका कामाला एकच नाव आणि ते काम डोळ्यांना दिसेल असं आहे का ते बघा, त्यानंतर राग धरा.

टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये लिहिलंय की गट आधी जमतो, मग त्यात वादळं येतात, मग रीत बसते आणि मग काम होतं, आणि १९७७ मध्ये त्यात शेवटचा निरोपाचा टप्पाही धरला. मधला वादळाचा टप्पा वाचून आम्हाला धीर आला एवढं खरं. पण त्याहून उपयोगी पडलं ते एमी एडमंडसन या संशोधिकेचं काम. त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासल्या तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, आणि त्यामागे त्यांनी असं मांडलं की तिथे लोक चुका उघड बोलतात, बाकीच्या टीममध्ये दाबून ठेवतात. आम्ही मीटिंगची सुरुवातच अडकलंय काय या प्रश्नाने करायला लागलो, झालं काय हे नंतर. अडकलेलं सांगणाऱ्याला कुणी का असं झालं विचारायचं नाही, आता काय करूया एवढंच. आणि एकदा, अर्धं काम झाल्यावर, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेला प्रकार केला, म्हणजे असं धरून चालायचं की प्रोजेक्ट फसलाय, आणि प्रत्येकाने गुपचूप लिहायचं की का फसला. पाचपैकी तिघांनी एकच लिहिलं, की सगळं काकांच्या एकट्याच्या हातावर बेतलंय. हे तिघांच्याही मनात कधीपासून होतं पण कुणी बोललं नव्हतं. मग अजून काही जण शोधले, त्यात एक ताई होत्या ज्यांना जन्मापासून दिसत नाही आणि ब्रेल पटापट वाचतात, त्यांना आमच्या मोठ्या खाचा अगदीच ढोबळ वाटल्या. त्यांच्यासाठी शेपटीवर ब्रेलची जागा ठेवली.

मार्कांबद्दल मला एक बोलायचंय. सगळ्या टीमला सारखे मार्क ही पद्धत मला पटत नाही आणि एकमेकांना मार्क द्या ही त्याहून नाही, कारण त्यात मैत्री आणि राग दोन्ही उतरतात. आमच्या गाइडनी लॉगबुक तपासलं, तारखेनिशी कुणी काय केलं, काय फसलं, काय बदललं, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारले. कोडिंगवाल्याला विचारलं क्लिप आडवी का प्रिंट केली, मला विचारलं टॅगमध्ये नंबरच का. आम्ही आदल्या दिवशी एकमेकांचे भाग एकमेकांना शिकवले होते म्हणून उत्तरं देता आली. हे सगळीकडे व्हावं असं मला मनापासून वाटतं, यात प्रेझेंटेशन देणारा एक आणि मागे उभे राहणारे चार असं होत नाही.

काका क्लिप अजून वापरतात. फोन लावायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही, खाचांनीच कळतं, पण औषध बदललं की पहिले काही दिवस फोन लावून खात्री करतात. प्रोजेक्टच्या फाइल्स आणि लॉगबुक आम्ही पुढच्या बॅचला दिलंय. त्यात एक काम अर्धवट आहे: खूप मोठ्या गोळ्यांची जाड स्ट्रिप आत घातली की क्लिपचा हात उघडा राहतो आणि खटका अडकतो. ज्युनियर्सपैकी दोघी काकांना भेटूनही आल्या, आणि त्यांनी परत आल्यावर आधी वेगवेगळं बसून लिहिलं.